उसना कळप

शाळा तपासायला साहेब यायलेत, ही खबर उमाजी कारभाऱ्यानं बोरीच्या बाजारातून आणली आणि भिवराबाईच्या हातातली भाकरी हातातच राहिली. आता तुम्ही म्हणाल, साहेब शाळा तपासणार, तर मास्तराच्या तोंडचं पाणी पळावं. मेंढरांमागं हिंडणाऱ्या बाईच्या पोटात गोळा यायचं काय कारण? कारण होतं. शाळा सरकारची असली तरी तिच्या भिंती भिवराबाईच्या होत्या.

झालं होतं असं. पोलीस ॲक्शन होऊन निजामाचं राज्य गेलं आणि नव्या सरकारनं गावोगाव शाळा काढायचं मनावर घेतलं. पण बोरीपासून दोन कोसांवर, नुसत्या खडकावर वसलेल्या खडकमाळाला कोण विचारतंय! मूठभर घरं, त्यातली अर्धी वर्षातले आठ महिने मेंढरांबरोबर बाहेर. भिवराबाई बोरीला गेली आणि कचेरीच्या पायरीवर जाऊन बसली. ऊठ म्हणाले, उठली नाही. शाळेला जागा कुठंय म्हणाले, तर म्हणाली, माझा कोकरांचा वाडा घ्या. आणि खरंच तिनं कोकरं स्वतःच्या घरात घेतली, वाडा सारवला, वर छप्पर शाकारलं. नवरा धोंडीबा कपाळाला हात लावून म्हणाला, "कोकरं घरात अन् पोरं कोंडवाड्यात! बाईचं डोस्कं फिरलं." वस्ती पोट धरधरून हसली. पण शाळा निघाली, पाथरीकडचे दिनकरराव मास्तर आले, आणि पहिल्या दिवशी पहिल्या ओळीत भिवराबाईची कासा जाऊन बसली.

ही कासा म्हणजे भिवराबाईचा जीव की प्राण. आधीची तीन लेकरं पाळण्यातच गेली होती. "माझ्या टाचा मेंढरांमागं फाटल्या, तिच्या न्हाई फाटू द्यायची," एवढंच तिचं म्हणणं. शाळा राहिली तर कासा शिकणार. शाळा गेली तर दुसऱ्या दिवशी पोरीच्या हातात काठी, आणि दोन-तीन वर्षांत डोक्यावर अक्षता. इतकं ते सरळ होतं.

आणि उमाजी तर सांगत होता की शाळा जाणार.

"पल्याडच्या तांड्यावरली गेल्या साली उचलली," तो म्हणाला. "बाजारात समदे तेच बोलायलेत. साहेब आला, पोरांला इचारलं, एकालाबी सांगता आलं न्हाई. मास्तराला घेऊन गेले, फळाबी घेऊन गेले."

"फळाबी?"

"मग! सरकारचा फळा हाय. अन् आपल्याकडं परवाच यायलेत."

संध्याकाळी उमाजीच्या ओट्यावर वस्ती जमली. जमली म्हणजे काय, बायका, म्हातारे आणि दिनकरराव मास्तर. चैत्र लागला होता, रानं मोकळी झाली होती, सगळे कर्ते पुरुष कळप घेऊन लांब गेले होते आणि त्यांच्याबरोबर मोठी, जाणती पोरंही गेली होती. मास्तर तसा गुणी पोरगा, वयानं विशी ओलांडलेला, पण भित्रा. मांडीवरची टोपी चुरगाळत म्हणाला, "आपली तयार पोरं सगळी बाहेर आहेत. राहिलीत ती बिगरीतली आणि पहिली-दुसरीतली. काहींना अजून पाटीसुद्धा सुलटी धरता येत नाही. मला वाटतं, आहे ते दाखवावं आणि साहेबांना खरं सांगावं."

"खरं सांगावं म्हणं!" उमाजी उसळला. "तांड्यावाल्यांनी खरंच दावलं न्हवं? बसलेत आता बोंबलत."

आता इथं खडकमाळाची एक रीत सांगायला पाहिजे, नाहीतर पुढचं सगळं तुम्हाला येडेपणा वाटेल. निजामाच्या काळात चराईचा कर घ्यायला गिर्दावर यायचा आणि मेंढरं मोजायचा. तो दिसला की निम्मा कळप ओढ्यात दडवायचा, उरलेला रोडका पुढं करायचा आणि गळा काढायचा. पण शेतकरी आला की बरोबर उलटं. त्याला खतासाठी रानात मेंढरं बसवून घ्यायची असायची. कळप मोठा आणि धडधाकट दिसला की तो जोंधळा जास्त द्यायचा. मग शेजाऱ्याची मेंढरं उसनी आणून आपल्यात मिसळायची, आणि लंगडी, खरजुली तेवढी ओढ्यात न्यायची. यात कुणाला पाप वाटत नव्हतं. दारात माणूस आला की एवढंच ठरवायचं, हा घेणारा आहे का देणारा.

म्हणून भिवराबाईनं विचारलं, "मास्तर, हा साहेब घेनारा हाय का देनारा?"

"मावशी, तो तपासणारा आहे."

"ते कळलं. तपासून करनार काय? घेनार का देनार?"

मास्तर गडबडला. त्याला तरी कुठं माहीत होतं! त्याचा स्वतःचा हा पहिलाच मुआयना, पहिलीच तपासणी. "चांगलं दिसलं तर... शाळा ठेवतील," तो म्हणाला. "बहुतेक."

"म्हंजे देनारा," भिवराबाईनं निकाल लावला. "मग कळप मोठा दावायचा."

ओट्यावर एकदम जीव आला. बोरीचे किशनराव, ज्यांच्या रानात दर साली खडकमाळाची मेंढरं बसायची, त्यांच्या गल्लीत चौथीतली पोरं मुबलक. त्यांची परीक्षा आटपली होती, आणि बोरीची मोठी शाळा तपासायला जिंतूरचे वेगळे साहेब येत. ओळख पटायची भीती नाही. भिवराबाई म्हणाली, धोंडीबाचा कळप परतला की तीन रात्री किशनरावांच्या रानात फुकट बसवते, एका दिवसाला पोरं मागते. मास्तर "नको, नको" म्हणत होता, पण त्याचं ऐकतो कोण! फळ्याबरोबर आपणही उचलले जाऊ ही धास्ती त्याच्याही पोटात होतीच, म्हणून त्याचं नको हळूहळू बारीक होत गेलं.

"अन् आपली पोरं?" एका म्हातारीनं विचारलं.

"बारकी अन् कच्ची ओढ्यात," भिवराबाई म्हणाली. "एक लंगडं दिसलं की शेतकरी बाकीच्यांचेबी पाय बघतो."

"अन् तुजी कासा गं?" उमाजीनं मुद्दामच विचारलं.

भिवराबाईनं मास्तराकडं पाहिलं. कासाचं असं होतं की तिला काही विचारलं की ती आधी वर आढ्याकडं बघायची. बघतच राहायची. उत्तर यायचं, बरोबर यायचं, पण तोवर विचारणारा कंटाळून तिसऱ्याच पोराकडं वळलेला असायचा. मास्तर घाईघाईनं म्हणाला, "कासाला येतं, मावशी. तिला फक्त वेळ लागतो. तिला बसवू आपण."

सगळ्या बायका भिवराबाईच्या तोंडाकडं बघायला लागल्या. त्यांची पोरं ओढ्यात घालून हिची मात्र सतरंजीवर, असं कसं चालेल? आणि साहेब तिच्या उत्तरासाठी थांबला नाही तर? एका पोरीपायी शाळा गेली तर? भिवराबाई म्हणाली, "माजीबी ओढ्यात."

म्हणून वळली तर दारात कासा उभी. काखेत कोकरू, आणि डोळे आईकडं. तिनं सगळं ऐकलं होतं. भिवराबाईनं पदर सावरल्याचं निमित्त करून नजर चुकवली आणि पोरीला घरी नेलं.

दुसरा दिवस असाच धाकधुकीत गेला. मास्तरानं हजेरीवर सगळ्या वस्तीला चौथीत चढवलं, कारण येणारी पोरं त्याच इयत्तेतली होती. लिहिताना त्यानं दोनदा शाई सांडली. निरोप ऐकून किशनराव म्हणे पोटभर हसले. "मेंढरं उसनी ऐकली होती, पोरं उसनी! हात्तिच्या!" पण तीन रात्रींचं खत कोण सोडतो? मुआयन्याच्या दिवशी सकाळी त्यांची बैलगाडी पोरं भरून माळावर आली. तेल लावलेली डोकी, इस्तरीच्या टोप्या. उमाजीनं एकेकाला धरून नावं वाटली: तू सटवाजी, तू रायभान, तू अमक्याचा तमका. आणि टोप्या धुळीत लोळवून आणल्या.

इकडं भिवराबाईच्या घरात कासा धुतलेलं परकर-पोलकं घालून तयार बसली होती. पाटी कोळशानं घासून काळीभोर केलेली.

"हे कशाला नेसलीस?" भिवराबाई म्हणाली. "ओढ्याला जायचंय न्हवं? बारक्यांना घेऊन जा. कोकरंबी ने संगं. साहेब गेला की मी हाळी देते, तवर वर यायचं न्हाई."

"आई, मला पंधरापर्यंत पाढे येतेत."

"येतेत गं माझे माय. पर तू लय येळ लावतीस."

"आज न्हाई लावणार."

भिवराबाईनं तिच्या हातातून पाटी घेतली आणि कोनाड्यात ठेवली. पोरगी हलेना. मग अगदी हळू आवाजात तिनं विचारलं, "आई, मी लंगडी हाय का?"

भिवराबाईला वाटलं, जाऊ दे शाळा, जाऊ दे साहेब, हिला आधी उराशी धरावं. पण बाहेरून उमाजी ओरडला, "दमणी दिसायली! दमणी दिसायली!" आणि तिच्या तोंडून निघालं ते भलतंच. "गप. जा म्हनलं न्हवं!" कासा गेली. बारकी पोरं आणि कोकरं एकत्रच हाकत ती ओढ्याच्या उतारावर दिसेनाशी झाली. तिनं एकदाही मागं वळून पाहिलं नाही.

साहेब बैलांच्या दमणीतून उतरले. चष्मेवाला, किडकिडीत, धुळीनं माखलेला माणूस. आल्या आल्या त्यांनी पाणी मागितलं, उभ्यानं दोन तांबे प्याले आणि शाळेच्या दारात वहाणा काढल्या. वहाणा काढणारा साहेब वस्तीनं पहिल्यांदाच बघितला. गिर्दावर तर बुटासकट चुलीपर्यंत यायचा. "देनाराच हाय," भिवराबाई शेजारणीच्या कानात म्हणाली आणि वाड्याच्या मागच्या भिंतीला कान लावून उभी राहिली. भिंत तिनंच रचलेली. कुठं फट आहे हे तिला पाठ होतं.

आत साहेबांचा आवाज आला. "तुझं नाव काय रे?"

उसन्या पोरानं तोंड उघडलं आणि मिटलं. त्यानं मास्तराकडं पाहिलं, मास्तरानं छताकडं. भिवराबाईनं फटीला डोळा लावला. "चंद्र... न्हाई, सटवाजी!" पोरगं एकदाचं बोललं. साहेब हसले; त्यांना वाटलं, पोर बुजलं. मग वाचन झालं. पोरं घडाघडा वाचू लागली. कविता झाल्या, पाढे झाले, नद्या झाल्या. प्रत्येक उत्तराला भिवराबाई भिंतीबाहेर सुस्कारा टाकायची आणि पुढच्या प्रश्नाला पुन्हा श्वास धरायची. असं करून करून तिला घेरी यायची पाळी आली.

एवढ्यात साहेबांना लहर आली. एका गुबगुबीत पोराला म्हणाले, "बरं, आता घरचं गणित. तुमच्याकडं मेंढ्या किती आहेत?"

"मेंढ्या न्हाईत जी. दोन म्हशी हायेत."

खडकमाळावर म्हैस! गवताचं पातं नाही तिथं म्हैस काय खडक चाटणार? भिवराबाईनं डोळे गच्च मिटले. पण दाराशी बसलेला उमाजी तयार गडी. "त्याच्या मामाच्या हायेत साहेब! पोरगं मामाकडंच पडीक असतंय, त्याला तेच आपलं वाटतंय!" साहेब पुन्हा हसले. सतरंजीवरची पोरं, बाहेरच्या बायका, सगळ्यांनी एकदम श्वास सोडला असेल.

तपासणी संपली. साहेब बाहेर येऊन मास्तराच्या पाठीवर थाप देत म्हणाले, "शाबास, दिनकरराव! सबंध तालुक्यात अशी शाळा पाहिली नाही. सगळी पोरं पास. बरं, बिगरीत कोण आहे? पहिलीत?"

मास्तर टोपी चुरगाळायला लागला. उमाजीला मात्र आता चेव आला होता. छाती काढून म्हणाला, "एकबी न्हाई साहेब! आमच्यात कच्चं पोरगंच न्हाई!"

"एकही नाही?" साहेबांनी चष्मा पुसला. "मग पुढच्या साली इथं बसणार कोण?"

कुणाला काही कळेना. साहेबच सांगू लागले, आणि चांगलं तोंडभरून हसत सांगू लागले. "असं बघा कारभारी. माझ्याकडं मास्तर थोडे आणि गावं फार. जिथल्या लेकरांना अक्षर ठाऊक नाही तिथं मला मास्तर द्यायचाय. इथली पोरं चौथी पास झाली, आता ती बोरीला पाचवीत जातील. मागं बिगरीत कुणी नाही म्हणता. मग हा असा मास्तर मी रिकाम्या सतरंजीपुढं कशाला बसवू? पल्याडच्या तांड्यावर पोरं येत नव्हती म्हणून शाळा थांबवली होती. आता ते लोक रोज माझ्या दारात येतात. म्हणतात, आमची पोरं अडाणी आहेत, मास्तर द्या. दिनकररावांना तिथं पाठवतो. बढती देऊन!"

भिवराबाई भिंतीच्या कडेला होती तिथंच मटकन बसली. देणाराच होता की हो हा! पण रोडक्या कळपाला देणारा. असा माणूस खडकमाळानं जन्मात पाहिला नव्हता, मग तो ओळखणार कसा? धडधाकट दाखवून दाखवून त्यांनी आपल्याच हातानं शाळा घालवली होती. आणि लंगडी म्हणून ज्यांना ओढ्यात दडवलं होतं, त्यांच्यासाठीच तर हा माणूस चैत्राच्या उन्हात इथवर आला होता.

ती उठून पुढं निघाली तशी उमाजीनं तिचा दंड धरला. "येडी का काय? आता बोललीस तर मास्तर जेलात जाईल, अन् त्याच्यामागं आमी!"

तिनं मास्तराकडं पाहिलं. तीन वर्षं पाळीपाळीनं घरोघर जेवलेलं ते पोर, चेहरा खडूसारखा पांढरा. त्याची नोकरी बुडवायची का आपल्या पोरीची शाळा? देवा, हे असलं माप माझ्याच हातात का दिलंस? साहेब दमणीकडं चालायला लागले. गाडीवानानं बैल जुंपले. भिवराबाईनं हात झटकला आणि ती पळाली. दमणीकडं नाही, ओढ्याकडं. काष्टा खोचून, काट्याकुट्यांतून, "कासे! अगं कासे!" असा टाहो फोडत.

ती सगळी पोरं वर घेऊन आली तेव्हा साहेबांचा एक पाय दमणीत होता. शेंबडी, उघडी, चिखलानं भरलेली पोरं, मधे मधे कोकरं, आणि सगळ्यांच्या पुढं धापा टाकणारी बाई. तिनं दमणीपुढं पदर पसरला.

"साहेब, ही आमची पोरं. ही खरी. आत होती ती बोरीची, उसनी आनलेली. आमची समदी अडानी हायेत, काय येत न्हाई त्यांला. मास्तराचा दोष न्हाई, त्यो नगं म्हनत हुता. म्याच केलं. मला काय करायचं ते करा, पर मास्तर नेऊ नका!"

साहेबांनी पाय खाली घेतला. त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू पुसलं गेलं आणि कानाच्या पाळ्या लाल झाल्या. ते मास्तराकडं वळले. "दिनकरराव, ही काय फजिती आहे?"

मास्तर पुढं आला. "खरं आहे, साहेब. हजेरी मी लिहिली. चूक माझी आहे."

"मला फसवलंत! आणि आता या बाईचं तरी खरं कशावरून? मघाशी हुशार पोरं उसनी आणलीत, आता अडाणी आणली नसतील कशावरून?" साहेबांनी हात झटकला. "इकडं ये गं पोरी. तू. परकरवाली. नाव काय?"

"कासा."

"कोणती इयत्ता?"

"दुसरी."

"तेरा साते किती?"

कासानं वर पाहिलं. दमणीच्या छतावरून, लिंबाच्या शेंड्यावरून तिची नजर कुठंतरी गेली आणि तिथंच राहिली.

आता भिवराबाईची काय गत झाली असेल सांगा! तीन वर्षं ती बिरोबापुढं नारळ फोडत आली होती, माझ्या लेकीला येऊ दे म्हणून. आज ती त्याच बिरोबाला हात जोडून म्हणत होती, आजच्या दिवस येऊ देऊ नको. हिला येतंय असं दिसलं तर मी खोटी, मास्तर खोटा आणि शाळा गेली. बाबा रे, एवढा डाव पोरीचं डोस्कं बंद कर. ओठ हलत होते, जोडलेले हात छातीशी होते, आणि आपण काय मागतोय हे कळून तिला स्वतःचीच शिसारी येत होती. कासानं एकदा खाली आईकडं पाहिलं आणि पुन्हा वर. उमाजी खुशीत डोळे मिचकावायला लागला. साहेबांनी वाट पाहिली, आणखी पाहिली, मग मान हलवून ते दमणीकडं वळले.

"एक्याण्णव," कासा म्हणाली.

साहेब गर्रकन वळले. उमाजीनं कपाळावर हात मारून घेतला. भिवराबाईला एकाच वेळी हसू आलं आणि रडू आलं, आणि दोन्ही तिनं पदर तोंडात कोंबून दाबलं.

"हिला तर येतंय!" साहेब म्हणाले. "काय हो बाई? अडाणी म्हणत होतात ना?" आणि कासाला म्हणाले, "बरं, मग आता सांग. एक्याण्णव मेंढ्या, सात वाडग्यांत सारख्या घालायच्या. भागाकार मांडून दाखव."

त्यांनी पुढं केलेली पाटी कासानं हातात घेतली. पुन्हा वर पाहिलं. या वेळेला सगळी वस्ती तिच्याबरोबर वर बघत होती. मग तिनं पाटी, होती तशी कोरी, साहेबांना परत दिली.

"ते अजून शिकवलं न्हाई."

"कुणी?"

"मास्तरनी. मिरगानंतर शिकवनार म्हनलेत."

साहेबांनी पाटीकडं पाहिलं, कासाकडं पाहिलं, मग तिच्यामागं उभ्या पोरांकडं. एकेकाला जवळ बोलावून त्यांनी विचारलं. एकाला 'ग' येत होता, 'घ' येत नव्हता. एक पोर नाव विचारल्याबरोबर रडायला लागलं. असं बराच वेळ चाललं, उन्हातच. साहेबांच्या कपाळावरची आठी काही गेली नाही, पण आवाज खाली आला.

"दिनकरराव, बढती गेली. पगारवाढही गेली. वरती काय कळवायचं ते मी कळवणार, त्यात दयामाया नाही. आणि तुम्ही इथंच राहायचं, याच पोरांपुढं. दिवाळीनंतर मी परत येईन. हीच तोंडं मला बसलेली दिसली पाहिजेत, यातलं एकही ओढ्यात सापडलं तर शाळेला मी स्वतः कुलूप लावीन. आणि या मुलीला भागाकार आला पाहिजे."

दमणी गेली. मास्तर तिथंच दगडावर बसला आणि दोन्ही हातांत तोंड घालून रडला. भीतीनं का सुटकेनं, त्याला तरी कळलं असेल की नाही कोण जाणे. बोरीची पोरं टोप्या झटकून आपल्या गाडीत चढली. उमाजी आता ज्याला त्याला सांगत सुटला की त्याला आधीपासूनच हे पटलं नव्हतं. भिवराबाईला कुणाकडंच बघवेना. दिवाळी म्हणजे किती लांब? तोवर मोठी पोरं येतील का, धोंडीबा पोरीला कळपामागं नेल्यावाचून राहील का, ही बारकी तेवढ्यात काय शिकतील? एक घोर गेला नाही तोवर दुसरा येऊन बसला होता.

कासा कोकरं गोळा करत होती. भिवराबाई तिच्याजवळ गेली आणि तिचा चिखलानं माखलेला परकर झटकायला लागली. काहीतरी बोलायचं म्हणून म्हणाली, "आजबी लय येळ लावलास बाई. माजा जीव गेला हुता."

"आज येळ न्हाई लागला," कासा म्हणाली. "मला लगीच आलं हुतं."

"मग बोलली का न्हाईस?"

"तुला बघितलं. तू हात जोडलेस. मला येऊ नये म्हणून देवाला म्हणायलीस, ते दिसलं मला." पोरीनं कोकरू उचलून काखेत घेतलं. "मग मला कळंना, सांगू का नगं."

भिवराबाईचा हात परकरावर होता तिथंच थांबला. तिनं विचारलं, "मग सांगितलंस कसं?"

"मास्तर म्हणतेत, इचारलं अन् येत असलं तर सांगायचं."

भिवराबाईनं पोरीला कोकरासकट उराशी धरलं आणि भर रस्त्यात ढसढसा रडली. कासा आधी ताठच उभी राहिली. मग कोकरू ओरडायला लागलं तेव्हा म्हणाली, "आई, सोड. ते चेंगरायलंय." भिवराबाईनं हात सैल केले, पण सोडलं नाही. तिला तसंच धरून ती घरी गेली, कोनाड्यातली पाटी काढली आणि पोरीच्या हातात दिली.